बाहेर बसवलेली साक्षीदार

मन जखमी होऊन लष्करातून परतलेल्या माणसाची फेरतपासणी आपल्याकडे ज्या रीतीनं होते, ती रीत मुळातच चुकीची आहे. तिथं आजार मोजला जात नाही. वरिष्ठासमोर ताठ उभं राहून 'सगळं ठीक आहे' म्हणायची सवय माणसात किती शिल्लक आहे तेवढं मोजलं जातं, आणि ती सवय जितकी पक्की, तितकी त्याची पेन्शन कमी होते.

मी हे एका जवानाची बायको म्हणून लिहिते आहे. माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं. हिंजवडीत फेज दोनमधल्या एका कंपनीत हिशेब खात्यात नोकरी करते आणि माणमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. नवरा पायदळात नाईक होता. काश्मीरमधल्या तैनातीनंतर आजारी पडला, महिनोन्‌महिने लष्करी रुग्णालयांत काढले आणि शेवटी वैद्यकीय बोर्डानं त्याला घरी पाठवलं. आजार सेवेमुळे वाढला हे त्यांनी मान्य केलं, चाळीस टक्के लिहिले आणि पुढे शेरा मारला की मुदतीनंतर पुन्हा तपासायचं. ती मुदत आता भरली आहे. पुढच्या महिन्यात त्याचं बोर्ड आहे, आणि घरात दुसरा विषय नाही.

हे एक बोर्ड इतकं महत्त्वाचं का, ते आधी सांगते, कारण पेन्शनच्या रांगेत उभ्या असलेल्या कितीतरी जणांनाही ते नीट ठाऊक नसतं. पूर्वी अपंगत्व पेन्शनवाल्यांना दर काही वर्षांनी रिसर्व्हे बोर्डापुढे जावं लागायचं. संरक्षण मंत्रालयाच्या ७ फेब्रुवारी २००१ च्या पत्रानं ते बंद झालं. ज्याचं अपंगत्व कायमचं ठरलं त्याचा आकडा जन्मभरासाठी पक्का. ज्याचं कायमचं ठरलं नाही त्याची ठरावीक मुदतीत एकदाच फेरतपासणी, आणि तिथं जो आकडा पडेल तो जन्मभराचा. जवानानं स्वतः अर्ज केला तरच पुन्हा उघडायचा. आदेश चांगला आहे, हेलपाटे वाचवणारा आहे. पण त्यामुळे त्या एका सकाळवर सगळं आयुष्य येऊन ठेपलं आहे, आणि ती सकाळ उरकली कशी जाते ते बघून माझा संताप होतो.

पाय गेलेल्या माणसाला पाय परत आला का हे बघायला कुणी बोलावत नाही. शरीराची जखम पुण्याला उत्तम समजते. जखमी सैनिकांना काम शिकवणारी, आज खडकीत असलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मधली. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांना हातपाय बसवून देतं आहे. खडकीतच पाठीचा कणा मोडलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण गोळी जिथं शिरली ती जागा दाखवता येते म्हणून तिला मान, आणि जी जखम रात्री तीन वाजता उठून दाराची कडी सात वेळा तपासते तिच्यावर संशय, हा भेद मी मान्य करणार नाही. कुपवाड्याच्या जंगलात २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कर्नल संतोष महाडिक यांना वीरमरण आलं तेव्हा अख्खा सातारा जिल्हा रडला, आणि रडायलाच हवं होतं. तसल्याच जंगलांतून जे जिवंत उतरले आणि मनानं तिथंच अडकून राहिले, त्यांच्यासाठी गावाकडे एकच वाक्य आहे: डोक्यावर परिणाम झालाय. गावानं असं बोलावं हे एक वेळ समजून घेता येईल. लष्कराच्या वैद्यकीय खात्यानं तरी कागदावर याहून जास्त काही लिहायला हवं.

आता बोर्डाच्या खोलीत काय होतं ते सांगते. आधी मानसोपचारतज्ज्ञ तपासतो, आपलं मत लिहितो, मग बोर्डावरचे अधिकारी बहुतेक त्याच मतावर सह्या करतात. म्हणजे खरा निर्णय त्या पहिल्या भेटीत होतो. घरी पाठवण्याआधीच्या बोर्डाच्या वेळी त्या भेटीत काय बोलणं झालं ते नवऱ्यानं मला सांगितलं, आणि नंतर मागवून घेतलेल्या प्रतीत मी ते वाचलंही. झोप लागते का? "जी साहब, ठीक है." भूक? "ठीक है साहब." राग येतो? "कभी कभी साहब." घरी सगळं बरं? "सब ठीक है साहब." संपलं. बाहेर लाकडी बाकावर मी बसले होते. माझ्या पिशवीत वही होती आणि त्या वहीत त्याच्या प्रत्येक वाईट रात्रीची तारीख होती. मी आत येऊ का म्हणून विचारलं, तर सांगण्यात आलं की पेशंटच्या नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. माझ्या ओळखीच्या, माझ्यासारख्याच नशिबाच्या बायकांपैकी एकीलाही आजवर आत घेतलेलं नाही.

ज्याला रात्रीचं काही आठवत नाही त्याला रात्रीबद्दल विचारतात, आणि ज्या बाईला प्रत्येक रात्र तोंडपाठ आहे तिला बाहेर बसवतात. आणि याला वैद्यकीय तपासणी म्हणतात.

त्या बिचाऱ्यानं 'ठीक है' म्हटलं यात त्याचा काय दोष? रंगरूट म्हणून भरती झाल्यापासून त्याला हेच शिकवलं. तापानं फणफणला असताना ठीक है. बापाच्या अंत्यविधीला सुट्टी मिळाली नाही तेव्हा ठीक है. खांद्यावर हुद्द्याची चिन्हं लावलेला अधिकारी समोर आला की त्याची पाठ आजही आपोआप सरळ होते. तपासणारा डॉक्टर हाही अधिकारीच, गणवेशातला. लष्करात आरोग्याची वर्गवारी पाच अक्षरांत करतात आणि त्यातलं पहिलंच अक्षर मनाच्या अवस्थेचं आहे. त्या अक्षरापुढे आकडा चढला की बढती गेली, कोर्स गेले, पलटणीतली इज्जत गेली, हे प्रत्येक जवानाला माहीत असतं. अशा जागी वर्षानुवर्षं मन लपवायला शिकलेला माणूस एका सकाळी अचानक मन उघडून दाखवेल, ही अपेक्षा जर कुणा मानसोपचारतज्ज्ञाची असेल तर त्यानं आपल्या विद्येचा अपमान केला आहे.

दुसरा मुद्दा नोकरीचा. नवरा आता एका गेटवर पहाऱ्याच्या कामाला जातो, म्हणजे बरा आहे, असा सरळ हिशेब लावला जातो. हिंजवडीला येऊन बघा. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या गेटागेटांवर, बॅरिकेडपाशी, तळघरातल्या पार्किंगमध्ये माजी सैनिक उभे आहेत. काही मेस्को या माजी सैनिकांच्या महामंडळातर्फे, काही खासगी एजन्सीतर्फे. सकाळी भूमकर चौकापासून गाड्यांची रांग लागते तेव्हा त्यातल्या एकाही गाडीतल्या माणसाला प्रश्न पडत नाही की हा काका बारा बारा तास उभा का आहे. माझा नवरा रात्रपाळी मागून घेतो. कारण घरी त्याला झोप लागतच नाही. घरी तो जागा राहिला तर आजारी ठरतो, गेटवर जागा राहिला तर पगार मिळतो. रात्रभर पहारा देणं हीच त्याच्या आजाराची सगळ्यात ठळक खूण आहे, आणि बोर्डाच्या कागदावर हीच खूण 'कामधंदा व्यवस्थित करतो' म्हणून उतरणार आहे. इथं नव्या इमारतींसाठी काळ्या दगडात सुरुंग लावतात. सुरुंग उडाला की तो जमिनीवर आडवा होतो. गेटवर, गाड्यांच्या पुढे, सगळ्यांच्या देखत. एका एजन्सीनं याच कारणानं त्याला काढलं. आधीच्या दोन नोकऱ्या भांडणामुळे गेल्या. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? पोटासाठी उभा राहतो म्हणून बरा, या न्यायानं उपाशी बसलेलाच माणूस आजारी ठरेल.

त्या काचेच्या इमारतींत दर १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन साजरा होतो. आमच्या कंपनीतही होतो. समुपदेशक येतात, ताणतणावावर व्याख्यान होतं, आम्हा कर्मचाऱ्यांना गुपित राखणारा फोन नंबर मिळतो. गेटवरच्या कंत्राटी माणसाला त्यातलं काही मिळत नाही. त्याच्या नावाची नोंद आमच्या कंपनीत नसतेच. हेही मी इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण मी त्या व्याख्यानांना बसले आहे आणि तिथल्या एकाही माणसानं खाली गेटवर कोण आहे ते विचारलेलं नाही.

आता पैशाचं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, हे मूळ माप. ३१ जानेवारी २००१ च्या पत्रानं आकडे वरच्या टप्प्याला न्यायची सोय झाली: वीस टक्के ते पन्नासच्या आत असलेला पन्नास धरायचा, त्यापुढचा पंचाहत्तरपर्यंत पंचाहत्तर, त्याहून वर शंभर. आधी ही सोय सर्वांना मिळत नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात ती इतर अपंग सैनिकांनाही मिळाली पाहिजे हे मान्य केलं. आता हिशेब करा. शेवटचा पगार चाळीस हजार धरला, तर बोर्डानं वीस टक्के लिहिले की पन्नास धरून महिन्याला सहा हजार, वर महागाई भत्ता. बोर्डानं एकोणीस लिहिले की त्या खात्यात शून्य. मनाच्या आजारात एकोणीस आणि वीस यांत फरक करणारं यंत्र जगात कुठंही नाही. तिथं फक्त लिहिणाऱ्याचा हात असतो. त्या हातानं एक टक्का कमी लिहिला तर एका घराचं भाडं जातं, आणि तो हात का कमी झाला याचं कारण लिहायची त्याला गरज वाटत नाही.

कारण लिहायचं, हे कायद्यानं कधीच ठरवून दिलं आहे. वीरपाल सिंग सिग्नल्समध्ये १९७२ साली भरती झाले. १९७७ मध्ये स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारून त्यांना घरी पाठवलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांची फाइल उघडली, मानसोपचाराचे ग्रंथ चाळले आणि विचारलं की या निष्कर्षाला आधार काय. चिडखोर आहे, भांडतो, असल्या शेऱ्यांपलीकडे फारसं काही नव्हतं. न्यायालयानं नव्यानं तपासणी बोर्ड बसवायला सांगितलं. छत्तीस वर्षांनी! त्याच वर्षी धरमवीर सिंग खटल्यात न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच मानायचं, सिद्ध करायचा भार त्याच्यावर नाही आणि संशयाचा फायदा त्याला. २०१४ मध्ये सुखविंदर सिंग खटल्यात म्हटलं की आजारपणामुळे सेवेतून काढला असेल तर अपंगत्व वीस टक्क्यांच्या वर आहे असंच धरावं लागेल. आणि २०२५ च्या मे महिन्यात राजुमोन टी. एम. यांच्या खटल्यात, तोही स्किझोफ्रेनियाचाच, न्यायालयाला पुन्हा तेच सांगावं लागलं की बोर्डाच्या मताला कारणं हवीत. २०१९ मध्ये नरसिंग यादव यांचा दावा मात्र फेटाळला गेला. मनाचा आजार भरतीच्या वेळी दिसतोच असं नाही, हा तिथला युक्तिवाद. तो मी वाचला आहे आणि मला तो पटलेला नाही. भरतीत दिसला नाही म्हणून तो आधीपासून होता, हे कुठून आलं? पण तो दावा हरलेला माणूससुद्धा निदान कारणांसह हरला. बोर्डापुढे हरणाऱ्याच्या वाट्याला तेवढंही येत नाही.

गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली. त्या समितीनं साचेबद्ध वैद्यकीय शेऱ्यांवर आणि अपंग सैनिकांविरुद्ध सरकारनं लावलेल्या अपिलांच्या सपाट्यावर कडक टीका केली. अहवाल आला, त्याचं कौतुक झालं. अपिलं चालूच राहिली. २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांनी अपंगत्व पेन्शन घेणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याकडे बोट दाखवलं. ते प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांपेक्षा बरंच जास्त होतं आणि चर्चा रक्तदाब-मधुमेहाची होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवे, आवळलेले नियम आले. मोठ्या हुद्द्यांच्या रक्तदाबामुळे जो संशय निर्माण झाला, तो आता नाईक-शिपायांच्या झोपेवर रोखला जातो आहे. हा अन्याय आहे, आणि तो कागदावर न दिसणारा आहे म्हणून जास्त वाईट आहे.

या अन्यायाला आणखी घाण लावणारे लोक आहेत ते एजंट. बोर्डाची तारीख आली की यांना कसा सुगावा लागतो कोण जाणे. आमच्या दारातही एक येऊन गेला. दाढी वाढवा, आठ दिवस अंघोळ नको, गोळ्या बंद करा म्हणजे डोळे तारवटलेले दिसतील, नाव विचारलं तर उत्तर देऊ नका, आणि पेन्शन पक्की झाली की इतके टक्के माझे. मी त्याला उंबऱ्याबाहेरूनच हाकलला. गोळ्या बंद करायला सांगणारा माणूस खुनी असतो. मनाच्या आजारात गोळी एकदम तोडली की काय होतं हे मी पाहिलं आहे, आणि ते कुठल्याही बायकोला बघावं लागू नये. शिवाय याच हलकटांमुळे खऱ्या आजारी माणसाकडेही नाटकी म्हणून बघितलं जातं. पण त्यांचा धंदा चालतो कशामुळे? खरं बोलणाऱ्याचं ऐकून घ्यायची सोय नाही म्हणून. तपासणी फक्त चेहरा बघणार असेल तर चेहरा विकणारे येणारच.

आणि सोय करणं अवघड आहे असं कुणी सांगू नये. याच देशात, जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारामुळे आलेल्या अपंगत्वाचा दाखला देताना 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबी आणि आजार किती वर्षांचा आहे, हे त्यात बघतात, आणि त्यासाठी सांभाळणाऱ्या माणसाला विचारतात. म्हणजे माणच्या एखाद्या शेतकऱ्याची बायको आत जाते आणि जवानाची बायको बाहेर राहते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याचे लिखित नियम आहेत: मनाच्या आजारासारखा चढ-उतार होणारा विकार असेल आणि टक्केवारी पाच वर्षं टिकली असेल, तर एका तपासणीवरून ती कमी करायची नाही. रोजच्या जगण्यात ती सुधारणा टिकेल याची खात्री पाहिजे. बायकोचं, जुन्या साथीदाराचं लेखी निवेदन तिथं पुरावा म्हणून दाखल होतं. पंचावन्न वर्षं ओलांडलेल्यांना सहसा फेरतपासणीला बोलावतच नाहीत. तिथलेही माजी सैनिक आपल्या व्यवस्थेला शिव्या देतात हे मला माहीत आहे. पण शिव्या द्यायला त्यांच्या हातात नियम तरी आहे.

आमची तयारी चालू आहे. त्याचं डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, घरी पाठवलं त्या बोर्डाच्या कागदांची प्रत, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावल्या आहेत. आजारी पडला तेव्हा पलटणीतून कमांडिंग ऑफिसरनं भरलेला एएफएमएसएफ-१० अर्जही मागवून घेतला, कारण त्यात त्या दिवसांत तो कसा वागत होता ते त्याच्या वरिष्ठानंच लिहिलेलं आहे. सुटलेल्या नोकऱ्यांची पत्रं जोडली आहेत. त्याच्याकडून पाठांतर करून घेतलेलं नाही. त्याला एवढंच सांगितलं आहे की बऱ्या दिवसाचं सांगू नकोस, वाईट दिवसाचं सांग, आणि लाज वाटली तर म्हण की बायकोला विचारा. गोळ्या चालू आहेत, दाढी रोजची रोज होते, आणि त्या दिवशीही तो इस्त्रीचा शर्ट घालूनच जाणार आहे. बोर्डासाठी हिंजवडीहून वानवडी गाठायची म्हणजे आख्खं शहर ओलांडायचं, तेव्हा आदल्या रात्री त्याची पाळी मी बंद ठेवली आहे.

माझं स्वतःचं निवेदन प्रतिज्ञापत्रावर लिहून तयार आहे. वहीतल्या तारखा त्याला जोडल्या आहेत. ते मी बोर्डाच्या अध्यक्षांच्या नावानं देणार, पोच मागणार, नाही दिली तर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवणार. आकडा कमी आला तर पहिलं अपील, मग दुसरं, मग मुंबईचं सशस्त्र दल न्यायाधिकरण. वीरपाल सिंगांना छत्तीस वर्षं लागली, हे डोक्यात ठेवूनच मी हे लिहिते आहे. पण मला आज आणि सरळ जे हवं आहे ते फार थोडं आहे. मला आत घ्या. शपथेवर विचारा, उलटतपासणी करा, वहीतली वाटेल ती तारीख काढा आणि त्या रात्री काय झालं ते माझ्या तोंडून ऐका. शेजारच्यांना विचारा, गेटवरच्या सुपरवायझरला विचारा. मी खोटी ठरले तर खुशाल शून्य लिहा, आणि शून्याखाली त्याचं कारण लिहा.